पातेल्यातलं घोटभर पाणी

दूध तापवण्याआधी पातेलं विसळायचं आणि तळाशी घोटभर पाणी तसंच ठेवायचं, म्हणजे दूध खाली लागत नाही. आईचा हात हे आपोआप करायचा. सोलापुरातल्या आमच्या गल्लीत सगळ्याच बायका असं करत. दूधवाली मावशी यायची तेव्हा शेजारच्या यंत्रमागांची खडखड नुकती सुरू झालेली असे. माप ओतून झालं की ती चरवीतून वर एक धार सोडायची. मला ती धार फार आवडायची. अजूनही दूध घेताना मी नकळत तिची वाट पाहते.

मग दुष्काळ पडला, वैरण मिळेना, आणि गल्लीला संशयाने पछाडलं. कुणी म्हणे दुधात पावडर असते, कुणी म्हणे साय जाड यावी म्हणून टीपकागद भिजवून घालतात. टीपकागदाचं दूध कुणी पाहिलं नव्हतं, पण खात्री मात्र सगळ्यांना होती. शेजारचे आरोग्य खात्यातले काका एकदा ऑफिसातून दुधातलं पाणी ओळखायचं लॅक्टोमीटर घेऊन आले. सकाळी मावशीने आमच्या पातेल्यात दूध ओतलं आणि काकांनी सगळ्यांदेखत ती काचेची नळी आत सोडली. नळी चांगलीच खोल बुडाली.

“पाणी आहे,” काका म्हणाले.

“न्हाय ओ अक्का, मी पाणी घातलं न्हाय,” मावशी आईला म्हणाली. आईने पातेलं उचलून आत नेलं. मावशीने चरवी उचलली. त्या दिवशी पुढच्या एकाही दारात कुणी भांडं पुढे केलं नाही.

आम्ही डेअरीच्या बाटल्या आणू लागलो. चार-दोन दिवसांनी आई बाटलीतलं दूध ओतणार, तोच तिचा हात थांबला. पातेल्याच्या तळाशी नेहमीचं पाणी होतं. तिने बाटली खाली ठेवली.

“अगं, ते पाणी माझंच होतं,” ती मला म्हणाली.

मला काकांचा राग आला, पण त्यांची नळी काही खोटं बोलली नव्हती. आई तशीच चपला घालून निघाली. नळावर बायका जमल्या होत्या, तिथे थांबून तिने झालेलं सगळं मोठ्याने सांगितलं. मग मला घेऊन अक्कलकोट रोडपलीकडच्या गोठ्यावर गेली. मावशी शेण भरत होती. आई बोलता बोलता रडली. मावशीने ऐकून घेतलं, पण येते म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मागांची खडखड सुरू झाली आणि दारात चरवी वाजली. आईने पातेलं आणलं, पदराने पुसून कोरडं केलेलं, आणि मावशीपुढे उपडं करून दाखवलं. मावशीने ते तिच्या हातातून घेतलं, दाराशी भरून ठेवलेल्या बादलीतलं घोटभर पाणी तळाशी घातलं.

“खाली लागंल की, अक्का,” ती म्हणाली. मग माप ओतलं, आणि वर धार.