सगळ्यांना पटलेलं वाक्य

रियाधमध्ये ओलाया भागातल्या एका सल्लागार कंपनीत मी पर्यावरण अभियंता होतो. आखातातल्या काही शेजारी देशांना समुद्रात तेलकट पाणी सोडण्याबद्दल मिळून एकच नियम हवा होता. प्रत्येकाचे वेगळे नियम एकत्र बसवायचं काम आमच्याकडे आलं. मी रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, मुलीला ऐटीत सांगायचो, "तुझे अब्बा समुद्राचे कायदे लिहितात."

शेवटच्या बैठकीत गाडी मुदतीवर अडली. ओमानचे एक वयस्कर अधिकारी म्हणाले, "जुन्या जहाजांना, कारखान्यांनाही हा नियम पाळायला ठरावीक मुदत द्या. समुद्राला राहायचा परवाना, इकामा लागत नाही. तुमचं पाणी माझ्या किनाऱ्याला येतं." बाकीचे तयार होईनात. जेवणाच्या सुट्टीत आमचे साहेब माझ्या कानाशी लागले, "सगळे सही करतील असं एक वाक्य दे. यल्ला, चल लवकर!"

मी दिलं: मुदत ज्या त्या देशाने आपल्या सोयीने ठरवावी.

पटापट सह्या झाल्या. ओमानच्या अधिकाऱ्यांनीही केली आणि जाताना माझा हात हातात घेतला. "निदान सगळे एकत्र तरी आले," म्हणाले. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

ईदला आम्ही समुद्रकाठच्या अल खफजीला मेहुण्याकडे गेलो. मुलगी वाळूत अनवाणी धावली आणि तळव्यांना डांबराचे काळे गोळे चिकटवून परत आली. बायको खायचं तेल लावून ते घासत बसली.

"अब्बा, ये किसने फेंका?"

"कुठल्यातरी जहाजाने."

"तो आपके कायदे से उसको सज़ा होगी ना?"

बायकोने मान वर केली नाही. "हो, होईल," मी म्हणालो. मुलीने ते खरं मानलं, आणि मला तिच्या पायांकडे बघवेना.

परतल्यावर साहेबांना म्हटलं, मुदतीचा मुद्दा पुन्हा काढू या. "सह्या झाल्या, खलास," ते म्हणाले. मी विषय सोडला. नोकरी, व्हिसा ज्याच्या हातात तो कफील, मुलीची शाळा... कारणं भरपूर होती.

काही वर्षांनी नियम पुन्हा तपासला गेला आणि त्यात सगळ्यांना एकच मुदत आली. ती रेटली ओमानच्याच माणसांनी; मी फक्त मसुदा टाईप केला. ते वयस्कर अधिकारी तोवर निवृत्त झाले होते. माफी मागायची म्हणून नंबर मिळवून त्यांना फोन केला. त्यांनी बोलूच दिलं नाही. मुदत किती ते विचारलं, आतल्या खोलीतल्या बायकोला ओरडून सांगितलं आणि मला म्हणाले, "मस्कतला या, ताजे मासे खायला घालतो."

"येतो," म्हणालो. जायचं धाडस काही झालं नाही.