देवाला दिलेला भोपळा

शिरूरला आमच्या परसात भोपळ्याचा एक वेल होता आणि त्याच्यावर आईचा आम्हा पोरांपेक्षा अंमळ जास्तच जीव होता. बी तिच्या माहेरचं, निमोण्याचं. लग्नात आजीनं तिच्या ओटीत घातलेलं. पुढं आजी गेली आणि तिकडं तो भोपळा कुणी लावीनासं झालं. आता तो टिकायचा तर आमच्याच परसात.

आम्ही ख्रिस्ती. वडील शाळामास्तर आणि चर्चच्या मंडळीचे पंच. कापणीच्या सणाला देवळात वेदीपुढं शेतमालाची रास लागे आणि उपासना संपली की तिचा लिलाव होई. तो पुकारायचा मान वडिलांचा. मग मास्तरांच्या घरचा भोपळा राशीत उठून दिसायलाच हवा! "देवाला उत्तम तेच द्यावं," असं म्हणत ते वेलावरचा सगळ्यात देखणा भोपळा खांद्यावर घालून नेत. त्याच्या खालोखालचा देवळातल्या पाळकसाहेबांना. उरलेले वेडेवाकडे आम्ही खायचो आणि त्यांच्याच बिया आई शेणात थापून भिंतीला लावून ठेवी.

पेरावं तसं उगवतं. काही वर्षांत भोपळे नारळाएवढे येऊ लागले, चवीला नुसतं पाणी. वडिलांनी आधी जमिनीला दोष दिला, मग आईच्या हाताला, आणि शेवटी दौंडच्या बाजारातून बियांचं पाकीट आणलं. त्यावरचं चित्र झकास होतं. तो वेल मांडवभर पसरला, पण भोपळा शेवटपर्यंत पाकिटावरच राहिला.

त्याच साली आईच्या वेलाला, कसा कोण जाणे, एक भोपळा थेट निमोण्याच्या वळणाचा धरला. आईनं त्याच्या देठाला चिंधी बांधली. चिंधी म्हणजे फळ बियाला राखलंय, कुणी हात लावायचा नाही. वडिलांनी चिंधी सोडली आणि भोपळा देवळात नेला. मला त्यांचा भयंकर राग आला. आई काहीच बोलली नाही.

ती बोलली लिलावात. वडिलांनी भोपळा वर धरला, तशी बायकांच्या बाजूनं तिची बोली आली. देवळात सगळ्यांच्या माना वळल्या. स्वतःचंच दान परत घ्यायचं? वडिलांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. ती उभी राहून पुन्हा बोलली. एका हॉटेलवाल्यानं बोली चढवली, तर तिनं त्याच्यावर चढवली. शेवटी पाळकसाहेबच हसून म्हणाले, "मास्तर, द्या की त्यांना."

घरी येताना वडील फणकारले, "देवाला दिलेलं माघारी आणलंस?"

"अवो, भोपळा दिला, वर पैसं दिलं. आता बिया तरी माझ्या आईच्या हायेत का न्हाईत?"

वडील झपाझप पुढं चालू लागले.

पुढच्या वर्षी वेल भोपळ्यांनी लगडला. सणाला वडील सगळ्यात देखणा भोपळा खांद्यावर घालून निघालेच. जित्याची खोड! लिलावात तो वर धरून त्यांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि पहिली बोली स्वतःच लावली. माझा ऊर भरून आला. आईनंही पदरानं डोळे टिपले.

घरी मात्र पानांआड दुसऱ्या एका भोपळ्याला तिनं आधीच चिंधी बांधून ठेवली होती. नवऱ्यावर तिचा विश्वास होता, पण आजीच्या बियांच्या बाबतीत नव्हता.