जहाजाची लाडकी भिंत

आमचे भावोजी रंगारी आहेत, आणि चांगले रंगारी आहेत, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणायचे की मेव्हणी म्हणून मी त्यांच्यावर दात धरून आहे. शहरातल्या अर्ध्या घरांना त्यांचा हात लागलेला आहे. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, बँकेतल्या साहेबांची न्हाणी, माझी ताई जिथे नर्स होती त्या हॉस्पिटलचे वॉर्ड, आणि तिथल्या झाडून सगळ्या नर्सबाईंची घरं. काम असं की भिंतीवरून हात फिरवावासा वाटावा. फक्त एकच घर राहिलं होतं, आणि त्या घरात ते स्वतः राहत होते.

ताई लग्न होऊन तिथे गेली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, "एवढं हातातलं उरकलं की आपल्या घराला लागतो." ते हातातलं काही उरकलं नाही. भाची जन्मली, शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. ताईने विनवून पाहिलं, भांडून पाहिलं, शेवटी अबोलाही धरून पाहिला. अबोल्याचा भावोजींना पत्ताच लागला नाही, कारण त्या घरात बोलतात ते एकटेच, आणि उत्तराची वाट बघायची त्यांना सवय नाही.

आता घराला रंग नव्हता असंही म्हणता यायचं नाही. दर्शनी भिंतीवर तर जगातले सगळे रंग होते. भावोजींची पद्धत अशी, की गिऱ्हाईक रंग ठरवायला आलं की उरल्यासुरल्या डब्यांतून रंग कालवायचा आणि ब्रशाचा एक फटकारा आपल्याच भिंतीवर ओढून दाखवायचा. "हा वाळला की जरा फिका दिसेल हं." गिऱ्हाईक मान डोलवून जायचं, फटकारा तिथेच राहायचा. त्याच्यावर दुसऱ्याचा, त्याच्यावर तिसऱ्याचा. वर समुद्राचा खारा वारा. मग पोपडे सुटायचे, हिरव्याच्या आतून निळा आणि निळ्याच्या आतून गुलाबी डोकावायचा. ताईला त्या भिंतीची इतकी लाज वाटायची की अख्ख्या नोकरीत तिने एकाही मैत्रिणीला घरी चहाला बोलावलं नाही. ती त्यांच्याकडे जायची, आपल्या नवऱ्याने रंगवलेल्या भिंतींकडे बघत चहा प्यायची, आणि घरी येऊन पातेल्यांवर राग काढायची.

अशात ते जहाज आलं. मी बंदरावर चौकशीच्या खिडकीत बसते, त्यामुळे येणारं-जाणारं जहाज मला आधी कळतं. हे मोठं, पांढरंशुभ्र, आणि जुन्या बंदरांच्या शहरांतून हिंडणारं होतं, पण आतली माणसं नुसती शहरं बघायला आलेली नव्हती. त्यांना चित्रं काढायची होती. जहाजावर म्हणे चित्रांची दालनं आहेत, जेवणघरात पुतळे उभे आहेत, रोज सकाळी कलेवर व्याख्यान असतं. बंदर आलं की सगळी श्रीमंत, पिकल्या केसांची मंडळी घडीचे स्टूल आणि रंगपेट्या घेऊन उतरतात. एवढे पैसे मोजून सुट्टीत परत शाळेत का जायचं, हे मला तरी अजून समजलेलं नाही.

त्यांना शिकवायला एक बाई होत्या. छत्रीएवढी टोपी घालायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना टोपीबाई म्हणते. त्या आपल्या वर्गाला घेऊन किल्ल्याची जुनी कमान काढायला आल्या. कमान ताईच्या घरासमोरच आहे. एका जाड्या गृहस्थांच्या डोळ्यांवर ऊन आलं, म्हणून त्यांनी स्टूल उलटा फिरवला आणि भिंत बघून ते "अहाहा!" म्हणाले. सगळा वर्ग वळला. टोपीबाई भिंतीपुढे छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"केवढे थर!" त्या म्हणाल्या. "किती पिढ्या, किती राजवटी या भिंतीवरून गेल्या असतील!"

त्यांचं बोट एका हिरव्या डागावर होतं. तो दातांच्या डॉक्टरांचा होता.

भावोजी दारात उभे होते. मला वाटलं, आता हे खरं काय ते सांगतील आणि सगळे हसून कमानीकडे वळतील. भावोजींनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, भिंतीकडे प्रथमच पाहत असल्यासारखं पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "गेल्या खऱ्या."

तिथून माणूस हाताबाहेर गेला. जहाज दर मोसमात यायला लागलं, स्टूल किल्ल्याकडे पाठ करून मांडले जायला लागले, आणि भावोजींनी गळ्यात मफलर घातला. भर उन्हाळ्यात! 'पोपडे' हा शब्द त्यांनी टाकला आणि 'टेक्स्चर' म्हणायला लागले. जहाजाच्या दिवशी कामावर दांडी मारून ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे. "चित्रात एखादा माणूस लागतो गं," असं त्यांनी मला समजावलं, "त्याशिवाय भिंतीची उंची कळत नाही." ताईने पुन्हा रंगाचा विषय काढला की ते दयेने हसायचे.

"अगं, वेडी का खुळी तू? लोक समुद्र ओलांडून ही भिंत बघायला येतात!"

"माझ्या मैत्रिणी दोन गल्ल्या ओलांडून आल्या नाहीत, त्याचं काय?" ताई म्हणाली. यावर भावोजींनी मफलर सारखा केला.

मग ताई निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी सगळ्या नर्सबाईंनी तिला घेरलं, "आता तरी घर दाखव." त्या गलक्यात ताई म्हणून बसली, "येत्या रविवारी या. सगळ्या या." घरी आल्यावर भिंत समोर दिसली तेव्हा ती भानावर आली. भावोजींनी मात्र शब्द दिला, "रविवारच्या आत भिंत करून देतो." ताई स्वतः दुकानात गेली आणि मोतिया रंगाचा डबा घेऊन आली. नवा, झाकण न उघडलेला. त्या घरासाठी कोणी डबा विकत आणण्याची ही पहिलीच वेळ. तिने तो पाहुण्यासारखा जेवणाच्या टेबलावर ठेवला.

आणि माझी जीभ घसरली. त्याच रविवारी सकाळी जहाज लागणार असल्याचं मी बोलून गेले. भावोजींचा चेहरा उजळला, ताईचा पडला.

"मग सोमवारी रंगवू ना," भावोजी म्हणाले. "एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय?"

"माझ्या मैत्रिणी रविवारी येणार आहेत, अहो."

"उत्तमच की! त्यांनाही कळेल आपली भिंत काय चीज आहे ते."

शुक्रवारी संध्याकाळी ताई बिस्किटांचे पुडे घेऊन परत आली तेव्हा भावोजी भिंतीपुढे उकिडवे बसले होते. एक पोपडा गळून पडला होता. त्याच्या पाठीला गोंद लावून त्यांनी तो जागेवर बसवला होता, आणि अंगठ्याने दाबून, श्वास रोखून, तो चिकटायची वाट बघत होते.

ताईचा मला फोन आला. "माझ्यासाठी यांना ब्रश धरायला वेळ नव्हता, आणि पोपडा धरून बसलेत!" मी काही बोलणार तोच ती म्हणाली, "उद्या हे कामावर गेले की ये. जुने कपडे घाल."

रंगाऱ्याची बायको आणि रंगाऱ्याची मेव्हणी, पण ब्रश दोघींनीही कधी धरला नव्हता. भिंत घासायची असते, तिला आधी प्रायमर द्यायचा असतो, हे आम्हाला ठाऊक होतं, पण तेवढा धीर नव्हता. आम्ही डब्याचं झाकण उचकटलं आणि सुटलो. ताई अशी काही रंगवत होती की प्रत्येक फटकाऱ्याला तिला एकेक जुनं भांडण आठवत असावं. स्टुलावर चढून हात पोचेल तिथवर रंग गेला. शिडीवर चढल्यावर ताईला चक्कर येते आणि मला माझं वजन ठाऊक आहे, त्यामुळे वरचा हातभर पट्टा जुनाच राहिला. दुपारी मागे सरकून पाहिलं तर मोतियातून हिरवा दिसत होता आणि जागोजागी ओघळ आले होते.

भावोजी आले. त्यांनी भिंत पाहिली आणि न बोलता आत गेले. जेवतानाही एक शब्द नाही. घर इतकं शांत झालं की ताईच घाबरली. "बोलत का नाहीत गं हे?" ती मला कुजबुजून विचारत होती.

रविवारी धुकं पडलं. सकाळचं जहाज दुपारी लागलं, आणि नर्सबाईंची चहाची वेळ आणि चित्रकारांची वेळ एकच झाली. आधी स्टूलवाले आले. टोपीबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. भिंत पाहून त्यांनी टोपीच काढली, जशी माणसं मयताला काढतात.

"हे कोणी केलं?" त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर वर गेली. "अहो, वरचा पट्टा शिल्लक आहे! तेवढा तरी असाच ठेवा. आमच्या माहितीपत्रकात छापू आम्ही. तुमच्या नावासकट!"

नावासकट म्हटल्यावर भावोजींचा हात आपोआप मफलरकडे गेला. ताई दारात उभी होती. नवे कपडे घातले होते, पण नखांतला रंग निघाला नव्हता. तिने टोपीबाईंकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही नाही. ती गल्लीच्या वळणाकडे बघत होती, जिथून तिच्या मैत्रिणी येणार होत्या. लाजेने तिचा चेहरा एवढासा झाला होता. मला ओरडावंसं वाटत होतं. मी कशीबशी जीभ चावून उभी राहिले, आणि मला दिसलं की भावोजीही तिच्याचकडे बघतायत.

"नाही बाई," ते टोपीबाईंना म्हणाले. "हा नुसता पहिला हात झालाय. असं अर्धवट काम सोडत नसतात."

त्यांनी मफलर काढला, शर्ट काढला आणि बनियनवर शिडी आणायला गेले. ओघळ घासले, डबा ढवळला, आणि थेट वरच्या पट्ट्यापासून सुरुवात केली. ब्रश असा सरळ चालला की मी बघत राहिले. पाहुणे जरा घुटमळले. मग त्या जाड्या गृहस्थांनी स्टूल उघडला, त्यांच्यामागून बाकीच्यांनी, आणि जहाजभर माणसं बनियनमधला रंगारी कागदावर उतरवायला लागली. टोपीबाईंनी सुस्कारा सोडून स्वतःची रंगपेटी उघडली.

तेवढ्यात नर्सबाई आल्या, स्टुलांमधून वाट काढत. मेट्रनबाई पुढे होत्या. त्यांनी गर्दी पाहिली, भिंत पाहिली, शिडीवरची पाठ मात्र ओळखली नाही.

"रंग छान निवडलास गं," त्या ताईला म्हणाल्या. "रंगारी कोण लावलास?"

ताईने वर बोट केलं.

"घरचाच आहे," ती म्हणाली. "आजच मोकळा झाला."

सगळ्या जणी अशा हसल्या की चित्रं काढणारे हात थांबले. भावोजींचे कान लाल झाले. प्रत्येक गोष्टीला उत्तर असणाऱ्या त्या माणसाने भिंतीकडे तोंड ठेवूनच एवढंच म्हटलं, "आत बसा सगळ्या. टेकू नका फक्त, ओली आहे."

ताई एकेकीचा हात धरून त्यांना आत नेत होती. इतका आनंद मी तिच्या तोंडावर भाची जन्मली तेव्हाही पाहिला नव्हता.