सहनशीलतेची साक्ष

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, चाळीस दिवसांत माझा उतावळेपणा कायमचा बरा झाला. (खरं तर पस्तिसाव्याच दिवशी. उरलेले पाच मी आधीच उरकून टाकले!)

लगेच पाळकसाहेबांना गाठलं. "येत्या रविवारी मंडळीपुढं साक्ष देतो. देवानं मला सहनशीलता कशी दिली, त्याची."

"घाई नको, भाऊ. असलं रुजायला वेळ लागतो."

"माझं रुजलं!"

रविवारी बेलापूरहून श्रीरामपूरला स्कूटरवर निघालो. मागं बायको, रूथ. वाटेत पेट्रोलला थांबलो, ती उतरली. रांगेत मी हॉर्न वाजवला नाही. (दोनदाच वाजवला.) टाकी भरली आणि साक्षीची मोठ्यानं तालीम करत सुटलो.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

मागं शांतता. एरवी वाक्यागणिक चूक काढणारी बाई गप्प! माझ्यातला बदल तिच्यापर्यंत पोचला, या विचारानं डोळेच भरून आले.

चर्चच्या आवारात कागद घेऊन मी येरझाऱ्या घालू लागलो. पाळकसाहेब आले. "ताई दिसत नाहीत?"

"बायकांत बसली असंल."

"आत नाहीत."

मी स्कूटरच्या रिकाम्या सीटकडं बघितलं. तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. प्रवासी मोजल्याशिवाय कधी डबल बेल दिली नाही. आज एकच प्रवासी, तोही पंपावर! फोन लावला, तर माझ्याच डिकीत तिची पर्स वाजायला लागली!

धावत स्कूटर काढतोय, तोच उसाचा ट्रॅक्टर फाटकात उभा राहिला. ड्रायव्हरशेजारून रूथ उतरली. केसांत पाचट, डोळ्यांत जाळ.

"मावशी, ह्येच का तुमचं मालक?" ड्रायव्हरनं विचारलं.

"व्हय. आज सहनशीलतेवर बोलणार हायेत!"

"मंग एवढं पळालं कशापाई?"

अख्खी मंडळी हसली. पाळकसाहेब तर रुमालात तोंड लपवून!

"आता द्या की साक्ष," रूथ म्हणाली आणि पहिल्याच बाकावर जाऊन बसली.

उभा राहिलो. कागद घडी करून खिशात टाकला. "देवानं मला सहनशीलता दिली..." रूथकडं बघितलं. "म्हणजे, द्यायला सुरुवात केलीय. त्याचा धीर मोठाय. माझ्या बायकोचा त्याच्या खालोखाल." आमेन सगळ्यांत मोठ्यानं तीच म्हणाली.

तेव्हापासून किक मारण्याआधी मी न चुकता विचारतो, "बसलीस का?"

उत्तर येईपर्यंत थांबणं तेवढं अजून शिकतोय!