बांधकर आडनावाच्या मागावर, करंज्याच्या वाटेने

सुमनचं लग्न ठरत आलं, तेव्हा मुलाच्या वडिलांचं पत्र आलं. पनवेलात बांधकर तुमचं एकच घर. मूळ गाव का सोडलं ते कळवा, मग पुढचं बोलू. मला ठाऊक नव्हतं. हे, सुमनचे वडील, जाऊन चार वर्षं झाली होती. विचारलं की एवढंच म्हणायचे, "आजोबांनी गावाची शेतं बुडवली. पुढचं नको." लोक म्हणायचे, मुद्दाम बुडवली. तसं असेल तर सुमनचं लग्न मोडणार, हे धरूनच मी निघाले.

उरणची पहिली एस.टी. सकाळची. तिकीट बारा आणे. जासईपर्यंत रस्ता बरा, पुढे हाडं खिळखिळी होतात. भाकरी आणि सुकट सोबत घ्या. गाव करंज्याकडे, एवढंच ठाऊक होतं. उरणहून त्या वाटेने तासभर चालले. टोपली घेऊन येणाऱ्या कोळणीला बांधकरांचं गाव विचारलं.

"बांधकर हितं कोन उरलाय? त्या चिंचंखाली म्हातारी हाय, तिला इचार. पन नाव हळू घे. तिच्या बापाचं शेत गेलं व्हतं."

म्हातारी अंगणात भात वाळवत होती. आडनाव ऐकून तिचा हात थांबला.

"आता आलाव व्हय? माजे दात पडल्यावर?"

तिने बसायला सांगितलं, मग बांधाचं समजावू लागली. खाडीच्या बांधाला दार असतं. भरतीला त्यात फळ्या टाकायच्या, ओहोटीला काढायच्या. ते काम ह्यांच्या आजोबांचं, म्हणून ते बांधकर. त्याबद्दल घरटी पायलीभर भात मिळायचा.

"त्या दिवशी अष्टमी. अष्टमीला भरती कमी, म्हनून फळ्या न टाकता हळदीला गेला. वारा फिरला, बाय. तो हळदीत नाचतोय नि दर्या बांध खचवून आमच्या भातात."

"मुद्दाम नव्हे ना, आजी?"

"मुद्दाम करनारा चिखलात उतरंल काय? दोन हिवाळे एकट्यानं बांध लिंपला. गावानं काम काढून घेतलं, भात बंद केला, तरी लिंपला. पुरा झाला, मग गेला."

"मला दाखवाल?"

"सरळ जा. पानी चढायच्या आत परत ये, मी काय धावनार नाय."

बांधावर चपला हातात घ्याव्या लागतात. एका बाजूला खाडी चढत होती, दुसरीकडे शेतं, आणि शेतं पाण्यापेक्षा खाली. दारापर्यंत जाऊन परतले.

घरी सुमन म्हणाली, "आई, हळदीचं नको लिहूस. वादळ आलं, एवढंच लिही."

मी सगळं लिहिलं. सहाव्या दिवशी मुलाचे वडील स्वतः आले. पत्र त्यांच्या खिशात होतं. चहाला हात न लावता त्यांनी विचारलं, "तो बांध अजून उभा आहे?"

"आहे. मी त्यावरून चालून आले."

त्यांनी चहा घेतला. "आमचीही शेतं खाडीकाठी आहेत," म्हणाले. "एक लिंपणारं घर जोडलेलं बरं."

ते गेल्यावर सुमन हसत आत पळाली. मी ओटीवरच बसून राहिले. ह्यांनी जन्मभर त्या गोष्टीचा पहिला अर्धा भाग तेवढा सोसला. दुसरा अर्धा एका दिवसाच्या वाटेवर होता, आणि आम्ही दोघं कधी गेलो नाही.