डोळ्यावरचं कुंकू

सातपूरच्या एका प्रेसशॉपमध्ये सकाळची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सहादू वायरमन रोज एक वेडेपणा करायचा. यांत्रिक हात चालू करायचा आणि त्याच्याखाली स्वतःचा उजवा पंजा धरायचा. हात सपकन खाली यायचा आणि बोटांच्या वर वीतभर थांबायचा. मग सहादू कपाळावरचा घाम पुसून म्हणायचा, "हं, चालवा आता." तेच काम लाकडाची फळी धरूनही झालं असतं. साहेबांनी शंभरदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

हा हात कारखान्यात आला चौऱ्याऐंशी साली. साहेब त्याला रोबो म्हणत, कामगार नुसतं 'हात' म्हणत. टेबलावरचा पत्रा उचलून प्रेसमध्ये ठेवायचा, एवढंच त्याचं काम. हवेच्या दाबावर चालायचा आणि हवा सुटली की 'फुस्स' असा आवाज करायचा. टेबलाच्या कडेला त्याला दोन बारक्या काचा होत्या. एकीतून उजेड बाहेर पडायचा. समोर माणसाचा पंजा आला की तो उजेड उलटून दुसऱ्या काचेवर यायचा आणि हात जागच्या जागी थांबायचा. ही दुसरी काच म्हणजे त्याचा डोळा.

डोळा जोडला सहादूनंच. माणूस मोठा निगुतीचा. वायरचं टोक सोलताना तांब्याची एक तार तुटली तर सगळं कापून पुन्हा सोलायचा. पीळ घालून, कथील चढवून, नंबराची नळी सरकवल्याशिवाय वायर स्क्रूखाली घालायचा नाही. मोटरच्या जाड केबलजवळून डोळ्याची वायर न्यायची नाही, नाहीतर डोळ्याला भास होतात, असं तो सांगायचा. टेबलावर पत्रे लावायला होता नामपूरचा गोरक्ष. दोघं एका डब्यात जेवायचे. गोरक्षची बाजरीची भाकरी आणि सहादूच्या सुमनबाईचा ठेचा.

खंडेनवमी म्हटली की कारखान्यात यंत्रांचं लग्नच. रॉकेलच्या फडक्यानं सगळं पुसायचं, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, पेढे. सहादूच्या घरी छप्पन सालापासून देव-नैवेद्य बंद. तो बाजूला उभा राहायचा आणि पेढा तेवढा आवडीनं खायचा. एका वर्षी माळ मोटरच्या पंख्यात जाईल म्हणून त्यानं ती काढून ठेवली, तर सुपरवायझर खंडेराव सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्हाला देव चालत नाही ना? मग आमच्या देवाला हात कशाला लावता?" कोणी हसलं, कोणी खाली बघितलं. सहादूनं ते वाक्य गिळलं खरं, पण पचलं नाही.

पंच्याऐंशीच्या खंडेनवमीला गोरक्षनं मनापासून पूजा केली. यंत्राचा जीव डोळ्यात, असं त्याच्या मनानं घेतलं, आणि कालवलेलं कुंकू त्यानं त्या काचेवरच लावलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं तेव्हा सहादू फेरी मारत तिथं आला. वाकला. काचेवर लाल पापुद्रा वाळला होता. खिशात फडकं होतं, हात खिशापर्यंत गेलाही. तेवढ्यात मागं खंडेराव उभे दिसले. चहाच्या सुट्टीत कोणी नसताना गुपचूप पुसू, असं मनाशी म्हणत सहादू पुढं गेला.

चहाच्या सुट्टीला पाऊण तास होता. पत्रा जरा तिरका बसला म्हणून गोरक्षनं तो सरळ करायला पंजा घातला. आंधळ्या यंत्राला तो दिसलाच नाही. उजव्या हाताची चार बोटं गेली.

चौकशीत कुंकू निघालं. "मीच लावलं व्हतं," गोरक्षनं स्वतःच सांगितलं, आणि विषय मिटला. त्याला गेटवर वॉचमन केलं. सहादूला कोणी काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सहादूनं जोडणी बदलली. दिवा एका बाजूला, डोळा दुसऱ्या बाजूला. उजेड पोचत राहील तरच हात हलेल. पंजा आडवा येवो, कुंकू लागो की वायर तुटो, थांबलाच पाहिजे. सिडकोतल्या घरी कुकरची वाफ सुटली की तो जेवता जेवता हात मागं ओढायचा. सुमनबाई शेवटी डाळ पातेल्यात शिजवू लागली. आणि रोज सकाळी गेटवर गोरक्ष त्याला डाव्या हातानं सलाम करायचा. ते त्याला सर्वांत भारी जायचं.

अशी तीन वर्षं गेली. अठ्ठ्याऐंशीच्या खंडेनवमीला गोरक्ष डाव्या हातात ताट घेऊन त्या यंत्रापाशी आला. एवढ्या दिवसांत प्रथमच. काचेकडे बघत म्हणाला, "सहादूभाऊ, कुंकू कुठं लावू? तूच दाखव."

सहादू म्हणाला, "गोरक्ष, त्या दिवशी मी बघितलं होतं. काचेवरचं. फडकं खिशात होतं माझ्या. खंडेराव बोलतील म्हणून पुसलं नाही."

गोरक्ष रागावला नाही. रागावला असता तर सहादूनं पाय धरले असते.

"मला ठाऊक हाय," तो म्हणाला. "तू वाकलास, बघितलंस, न् पुढं गेलास. मी समोरच व्हतो. मला वाटलं, आपल्या वायरमननं बघितलं, म्हंजी समदं ठीक असंल. म्हणून तर बिनघोर हात घातला."

त्यानं ताट पुढं केलं. सहादूनं कुंकू बोटावर घेतलं आणि यंत्राच्या पायाशी, लोखंडावर लावलं.

अपघातापासून तोवर सहादू रोज सकाळी लाकडाची फळी धरूनच यंत्राचा हात तपासायचा. दसऱ्यानंतर कामावर आला, तेव्हा त्यानं फळी बाजूला ठेवली आणि उजव्या हाताची बाही वर सारली.