आबांचा थंडीवरचा बंदोबस्त

आमच्या घरात थंडी वाजायला परवानगी नव्हती.

तशी उंब्रजला थंडी पडायची. कार्तिक सरत आला की नदीच्या अंगानं असलं गार वारं सुटायचं, की तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली तर दात जागेवर आहेत का ते बघावं लागायचं. पण आमचे वडील, आबा, मिल्ट्रीतून रिटायर होऊन आलेले. ते उघड्या अंगानं अंगणात उभे राहायचे आणि चुलीपुढं कुडकुडणाऱ्या आईला विचारायचे, "कुठं हाय गं थंडी? दाव मला!"

आई बिचारी काय दाखवणार?

आबांची लडाखला फक्त तीन महिने पोस्टिंग झाली होती. बाकी सगळी नोकरी जबलपूरच्या स्टोअरमध्ये, पंख्याखाली. पण आमच्यापुढं जबलपूर कधी आलंच नाही, आलं ते लडाखच. रिटायर झाले हवालदार म्हणून, पण गावात आल्यावर वर्षभरात लोक त्यांना सुभेदार म्हणायला लागले. (ही बढती कुणी दिली ते लष्करालाही ठाऊक नसावं.) थंडीच्या बाबतीत तर ते स्वतःला जनरलच समजायचे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी वयाच्या अटीच्या अगदी काठावर उभा होतो. साताऱ्याला मिल्ट्रीची भरती निघाली होती आणि ती हुकली की पुढच्या भरतीला माझं वय उलटणार होतं. आधी एकदा वजनात गेलो होतो, एकदा पळण्यात. आबांना वाटायचं पोरानं घराण्याचं नाव राखावं. मला तसलं काही वाटत नव्हतं. मला फक्त जवानांची असते ती काळी ट्रंक पाहिजे होती. वर पांढऱ्या रंगानं स्वतःचं नाव, खाली नंबर, आणि ती ट्रंक घेऊन कराडच्या स्टेशनात उभा राहिलेला मी, आबांपासून निदान हजार मैल लांब जायला निघालेला! रोज रात्री डोळे मिटले की हीच ट्रंक दिसायची.

आमच्या तालुक्याच्या पोरांना सकाळी अकराला बोलावलं होतं. मी आपलं पहाटेच्या एस्टीनं जायचं ठरवलं. आबा ताटावरून उसळले.

"एस्टी? अरं, एस्टीत बसून जाणारा गडी सरहद्दीवर काय तिकीट काढून जाणार व्हय? सायकल काढ! साताऱ्याला जाऊस्तवर पाय असं गरम हुत्यात की पळताना कुनी मागनं दिसायचं न्हाई."

"आबा, तीस किलोमीटर हाय. आन थंडी..."

"कसली थंडी?"

झालं. ठरलं. एवढ्यावर भागलं असतं तर मी आज ही गोष्ट सांगत बसलो नसतो. पण आबा म्हणाले, "मी बी येतो. मागं बसतो."

मागं! कॅरिअरवर! नव्वद किलोचा निवृत्त हवालदार!

उजाडायला आबांनी मला अंगणात उघडा उभा केला आणि 'बंदोबस्त' सुरू केला. मिल्ट्री कॅन्टीनमधून कार्डावर मोजून मिळणारी रमची बाटली आणली. आबा कोट्याची बाटली जिवापाड जपायचे, पाहुण्यालाही झाकणानं मोजून द्यायचे. पण त्या दिवशी मन मोठं केलं. छाती, पाठ, मांड्या, पोटऱ्या, सगळीकडं रम चोळली. मग मोज्यांतही ओतली.

"लडाखात असंच करत हुतो आमी," आबा म्हणाले.

"मोज्यात?"

"गप हुबा ऱ्हा!"

रमवर थर आला वर्तमानपत्राचा. छातीला एक पान, पाठीला एक पान, वर बनियन, वर शर्ट, वर आईनं विणलेला स्वेटर. वारं अडवायला कागदासारखं काही नाही, असा आबांचा सिद्धांत. (सायकलवाले, ट्रकवाले हे करतात, खोटं नाही. पण त्यांना पुढं जाऊन कुणापुढं उघडं व्हायचं नसतं!) मी हललो की अंगातून पापड मोडल्यासारखा आवाज यायला लागला. आणि मिल्ट्रीचा जाड ओव्हरकोट? तो आबांनी घातला.

"आवं आबा, थंडीचा बंदोबस्त माझा चाललाय ना? मग कोट तुमी का घातलाय?"

"तू पायडल मारनार. तुला गरमी हुनार. मी नुसता बसनार!"

मी सायकल काढली.

निघालो. हायवेवर धुकं असलं दाट, की उसाची गाडी शिंगं दिसल्यावर कळायची. हँडलवर बोटं आखडली, नाकातून पाणी चालू, डोळ्यांतून पाणी चालू, आणि मागून कोटातून ऑर्डर, "दम लावून! दम लावून!" अतीतच्या अलीकडं धुकं फाटलं आणि ऊन पडलं, तेही कार्तिकातलं चरचरीत. मी घामानं निथळायला लागलो. आबांनी कोट काढला आणि माझ्या अंगावर टाकला.

"आबा, मला उकडतंय!"

"मग मी काय हातात धरून बसू? पडलो म्हंजे?"

नागठाण्याच्या पुढं आभाळ भरून आलं. बघता बघता भुरभूर सुरू झाली, वर झोंबणारं वारं. आबांनी ताबडतोब कोट परत मागितला. म्हणजे ऊन पडलं की कोट माझा आणि गारठा आला की कोट आबांचा, अशी वाटणी साताऱ्यापर्यंत चालली. शेंद्र्याच्या चढाला तर मी खाली उतरून सायकल ढकलत होतो आणि आबा तरीही वर बसून होते!

"आबा, उतरा की जरा."

"माझं गुडघं लडाखात गेल्यात."

मैदानावर पोचलो तेव्हा माझा चिखल झाला होता. आतून घाम, बाहेरून पाऊस, मधे वर्तमानपत्र. पण एक गोष्ट कबूल करायला हवी, आणि ती करताना आजही जीव जळतो. आबांचं पायांबद्दलचं म्हणणं खरं निघालं! तीस किलोमीटर आबांना ओढून आणल्यावर, मागं आबा नसताना नुसतं पळायचं म्हणजे मला पंख फुटल्यासारखं झालं. शिट्टी वाजली आणि मी सुसाट सुटलो. पहिल्या पाचांत आलो. दोरीच्या पलीकडून आबा ओरडत होते, "माझा हाय त्यो! माझा पोरगा हाय त्यो!" खरं सांगतो, त्या घटकेला मला आबांबद्दल जे वाटलं ते त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही. ट्रंक आता हाताला लागत होती.

मग छाती मोजायची रांग.

टेप घेऊन एक हरियाणाकडचा हवालदार उभा होता. "बनियान उतार!"

मी बनियन वर ओढली. कागदाचा लगदा धपकन् पायाशी पडला. रांगेतली पोरं वाकून बघायला लागली. मला वाटलं लगद्याकडं बघतात. पण ती माझ्या छातीकडं बघत होती.

रम, घाम आणि पाऊस मिळून पानावरची सगळी शाई माझ्या अंगावर उतरली होती. आबांनी नेमकं निधनाच्या जाहिरातींचं पान छातीला लावलेलं! डाव्या बाजूला फेटा बांधलेले, झुबकेदार मिशांचे एक म्हातारे गृहस्थ चौकटीत माझ्याकडं बघत होते. खाली उलट्या अक्षरांत 'दुःखद निधन.'

"ये कौन है?" हवालदारानं विचारलं.

"पता नहीं, साब."

"छाती पे छपवाया है, और पता नहीं कौन है?"

रांग फुटली हसून. "छाती फुला!" तो म्हणाला. मी श्वास भरला. म्हाताऱ्याचे गाल फुगले. मागचा एकजण गुडघ्यावर हात ठेवून हसायला लागला. मी मात्र श्वास धरून उभा राहिलो. माप बरोबर भरलं होतं, हवालदारानं मान हलवलीही होती. आणि मग तो वाचायला म्हणून जरा पुढं वाकला.

त्याचं नाक थांबलं.

"पी के आया है?"

"नहीं साब!"

"मुँह खोल."

खोललं. त्यानं हुंगलं. तोंडाला काही वास नाही. तो गोंधळला. परत छातीशी आला, मग पोटाशी, मग बुटाशी वाकला आणि फटदिशी मागं सरकला.

"अरे, ये तो पैर से भी पीता है!"

मोठे साहेब आले. सुभेदार, आणि आपल्याकडचेच, कोरेगावच्या बाजूचे. (हे खरे सुभेदार, गावानं केलेले नव्हेत.) माणूस चांगला होता. हळूच मला म्हणाले, "हे बघ, तू पळालास झकास. थंडीचं औषध म्हणून घरच्यांनी चोळली असंल, तर तसं सांग. मी समजून घेतो. पण घरचं कुनीतरी येऊन सांगू दे. कोन हाय संगं?"

मी दोरीकडं बोट केलं. आबा कोटाची बटणं लावत आले. कडक सॅल्यूट ठोकला. "हवालदार, रिटायर, साब!" (बढती तिथंच गळून पडली.)

"तुमचा मुलगा?"

"व्हय साब."

"ही रम कुनी चोळली याला? कुठनं आनली?"

मी आबांकडं बघत होतो. एक वाक्य! 'मी चोळली साब, थंडी हुती.' संपलं! काळी ट्रंक, पांढरा रंग, नाव, नंबर, सगळं त्या एका वाक्यावर टांगलेलं. आबांनी साहेबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पायातल्या बुटांकडं बघितलं. आणि लडाख गाजवून आलेला तो माणूस मान खाली घालून म्हणाला,

"काय सांगू साब. पोरगं वाया गेलंय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा एक मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. मी तोंड उघडलं, पण काय सांगणार होतो? माझा बाप खोटं बोलतोय? त्याच्या जुन्या खात्यातल्या माणसांपुढं? कपडे उचलले आणि बाहेर आलो.

परतीच्या वाटेला वारं तोंडावर. अंगात शर्ट ओला, स्वेटर ओला. आणि मागं कॅरिअरवर कोण? आबा! न विचारता, काही झालंच नाही अशा थाटात येऊन बसले. मी त्यांना हायवेवर उतरवून यायला पाहिजे होतं. नाही उतरवलं. तेवढी अक्कल असती तर सकाळी एस्टीच धरली असती.

नागठाणं आलं. मग मागून आवाज आला, "कॅन्टीनचं कार्ड गेलं असतं, गड्या."

मी ब्रेक दाबला. "काय?"

"कोट्याचा माल दुसऱ्याला दिला असं झालं असतं. कार्ड जमा करून घेतलं असतं. मग?"

"आन मी गेलो त्याचं?"

"तू कुठं गेलास? तू घरीच हायस की!"

यावर मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढचं तर त्याहून भारी. साताऱ्यात एकदा बोललेलं खोटं आबांना गावातही चालवावं लागलं, कारण आमच्या गावची दोन पोरं त्याच रांगेत होती. मग आबा पारावर बसून उसासे टाकायचे, "पळन्यात पहिल्या पाचात हो! पर दारूनं घात केला पोराचा." लोक हळहळायचे, आबांना चहा पाजायचे. मला बघितलं की बायका पोरांना जवळ ओढायच्या. आईला सगळं ठाऊक होतं. तिनं महिनाभर आबांशी बोलणं टाकलं. पण आबांना त्याचं काही वाटलं नाही, उलट बरंच शांत वाटतंय म्हणाले!

दोन वर्षं माझं लग्न जमेना. पाहुणे यायचे, पारावर थांबायचे, तिथूनच परत जायचे. मग पलूसहून एक स्थळ आलं. मुलीचे वडीलही मिल्ट्रीतले. सगळं ऐकून आले होते, तरी आले. पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी मला सरळ विचारलं, "घेता म्हनं जावईबापू?"

मी 'नाही' म्हणायच्या आत आबा मधे पडले. "कुठली हो! थोडी. थंडीपुरती."

पाहुणे खूष! तिथल्या तिथं साखरपुड्याची तारीख काढली. मला वाटलं, काय दिलदार माणूस आहे! दारुड्यालाही मुलगी देतो!

दिवाळसणाला पलूसला गेलो. आबाही आले होते. रात्रीची जेवणं व्हायची होती. सासऱ्यांनी कपाटातून नवी बाटली काढली, तीन ग्लास मांडले, आणि आवाज बारीक करून म्हणाले, "लय वर्सं एकट्यानं बसून वैताग आला बघा. चार पोरी, पोरगा न्हाई. दोन जावई माळकरी निघालं, तिसरा मास्तर. म्हटलं शेवटचा तरी आपल्या लाइनीतला बघावा. घ्या!"

"मामा," मी म्हणालो, "मी घेत नाही. कधीच घेतली नाही."

सासऱ्यांचा ग्लास हवेत राहिला. ते आबांकडं वळले. माणूस रडायच्या बेतात आला होता हो! "हवालदार, फसवलंत तुमी आमाला! ह्याच गुनावर पोरगी दिली मी!"

आबांनी स्वतःचा ग्लास उचलला, शांतपणे एक घोट घेतला, आणि मान खाली घालून म्हणाले, "काय सांगू पाव्हणं. पोरगं सुधारलं."

तर असं आहे. लष्करानं मला पितो म्हणून घालवलं आणि सासऱ्यांनी पीत नाही म्हणून आजतागायत माफ केलेलं नाही. एवढं सगळं एका थेंबाशिवाय जमवणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच असेन.